पेल्व्हिक सर्जरीचं कडॅव्हर वर्कशॉप : पैसे भरायच्या आधी बॉडी कशी ठेवलीये ते विचारा

दोन महिन्यांपूर्वी दोन दिवसांचं कडॅव्हर वर्कशॉप करून आले. पेल्व्हिक सर्जरीचं, म्हणजे अंग बाहेर येणं, खोकताना-शिंकताना लघवी सुटणं यावरची ऑपरेशन्स आणि डिलिव्हरीनंतर रक्तस्राव थांबतच नसेल तर पोट उघडून इंटर्नल इलियाक आर्टरी, म्हणजे ओटीपोटाला रक्त पुरवणारी धमनी, बांधायची ती, हे सगळं देहदानातून आलेल्या शवावर स्वतःच्या हाताने करायचं. फी १८ हजार, राहणं आणि प्रवास आपला आपण. आल्यापासून इतक्या जणींनी विचारलं की कसं होतं, जाऊ का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. कॉलेजचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या तिथल्या तिथे मी त्यांना सांगितल्यात आणि असल्या तक्रारी एकाच ठिकाणच्या असतील असं मला अजिबात वाटत नाही.

आधी मी का गेले ते सांगते, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. जिल्ह्याच्या गावी आमचं छोटं नर्सिंग होम, प्रॅक्टिसला १४ वर्षं झाली. खालून पिशवी काढायची ऑपरेशन्स भरपूर केलीत, पण पिशवी काढून पाच-दहा वर्षं झालेली बाई परत अंग बाहेर आलंय म्हणून आली की मी पुण्याला पाठवायचे. ती बाई जायची नाही. शेतातली कामं, घरी म्हातारी माणसं, पुण्यात कोण आहे आपलं, असं म्हणत फडकं बांधून तशीच दिवस काढायची आणि पुढच्या वर्षी परत माझ्यासमोर बसलेली असायची. अशांसाठी सॅक्रोस्पायनस फिक्सेशन नावाचं ऑपरेशन आहे, खालूनच करायचं, पोट उघडावं लागत नाही, आधाराला कृत्रिम जाळी लागत नाही, दोन टाक्यांचं काम. पीजीला असताना मी ते पाहिलंय, पण पाहिलंय म्हणजे रिट्रॅक्टर धरून उभी राहिलेय, कारण ते ऑपरेशन बघून कळतच नाही, सगळा खेळ करणाऱ्याच्या बोटाच्या टोकाशी चालतो आणि बाकीच्यांना फक्त त्याचं मनगट दिसतं. व्हिडिओचीही तीच गत, मी तीस-चाळीस तरी पाहिले असतील.

मधल्या काळात जाळीची तयार किट आली होती, कंपनीचा माणूस ओटीत येऊन दाखवायचा, सोपं वाटायचं. मग त्या जाळीचे त्रास बाहेर आले, इंग्लंडने २०१८ मध्ये तिच्यावर थांबा आणला आणि अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये प्रोलॅप्ससाठी, म्हणजे या अंग बाहेर येण्यासाठी, खालून बसवायच्या जाळीची विक्रीच बंद करायला लावली. तेव्हा परत जुन्या टाक्यांच्या ऑपरेशन्सकडे यायचं तर ती शिकायची कुणावर? हा प्रश्न मला खरंच छळत होता. पहिला टाका, जो बहुतेक चुकीच्या जागी पडणार, तो माझ्याकडे विश्वासाने आलेल्या बाईवर घालायचा का? म्हणून गेले.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला डिसेक्शन हॉल. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षानंतर बावीस-तेवीस वर्षांनी त्या वासात परत शिरले. तीन टेबलं होती. एका टेबलावर सॉफ्ट एम्बामिंग केलेलं, म्हणजे मऊ राहील असं टिकवलेलं शव, दोनवर नेहमीचं फॉर्मलिनचं. हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं, ब्रोशरमध्ये नुसतं ‘हँड्स-ऑन ऑन कडॅव्हर’ असं होतं. आणि माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे की शिकायला काय मिळणार ते यावर ठरतं, फॅकल्टी किती मोठी, जेवण कसं, सर्टिफिकेटवर कुणाची सही यावर नाही.

फरक काय तो जरा सांगते. फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्माल्डिहाइड, साधारण ३७ ते ४० टक्के, तो आणखी पातळ करून वापरतात. १८९३ मध्ये ब्लूम नावाच्या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं की याने पेशी पक्क्या होतात, आणि तेव्हापासून जगभरच्या अनाटमी विभागांचं यावरच चाललंय. स्वस्त आहे, शव वर्षानुवर्षं टिकतं, जंतू मरतात. पण ते टिकवतं कसं, तर प्रथिनं एकमेकांना जखडून टाकतं, म्हणून स्नायू भिजून वाळलेल्या चामड्यासारखे होतात, सगळं एकाच मातकट-करड्या रंगाचं होतं आणि सांधे हलत नाहीत. मसल कुठून निघतो कुठे लागतो हे शिकायला ते ठीक आहे. पण आमच्या कामात बोटाने दोन पडदे एकमेकांपासून सोडवत आत जायचं असतं, ते पडदेच तिथे चिकटून गेलेले असतात. जिवंत बाईत जिथे बोट आपोआप सरकतं तिथे फॉर्मलिनच्या शवात कात्री लावावी लागते, आणि कात्री लावली की शिकायचं तेच राहिलं.

यावर ऑस्ट्रियात ग्राझला वॉल्टर थील नावाच्या अनाटमिस्टने तीसेक वर्षं डोकं लावून १९९२ मध्ये आपली पद्धत छापली. फॉर्मलिन अगदी थोडं, बाकी बोरिक अॅसिड, वेगवेगळे क्षार, ग्लायकॉल वगैरे, आणि मग शव काही महिने टाकीत बुडवून ठेवायचं. त्याने अंग मऊ राहतं, सांधे वळतात, रंगही बऱ्यापैकी राहतो, पोटात गॅस भरून लॅप्रोस्कोपीसुद्धा करता येते. स्कॉटलंडमध्ये डंडीला ही पद्धत घेतलीये. आपल्याकडे ती जशीच्या तशी करणं अवघड, एक तर खर्च, दुसरं त्यात अमोनियम नायट्रेट लागतं आणि ते स्फोटकातही वापरतात म्हणून २०१२ च्या नियमांपासून त्याला परवाना लागतो. त्यामुळे बरेच ठिकाणी आपापला फॉर्म्युला वापरतात, ग्लिसरीन आणि स्पिरिट जास्त, फॉर्मलिन कमी. इथेही तसंच होतं.

आमच्या नशिबाने मी सॉफ्टवाल्या टेबलावर होते. तिथे हॉल सांभाळणारे एक मामा होते, पंचवीस वर्षं तिथेच. ते त्या शवाला बॉडी म्हणत नव्हते, आजी म्हणत होते. “मॅडम, ह्या आजींना आम्ही चार महिने राखलंय,” म्हणाले. राखलंय हा शब्द मला फार लागला. मांडीतल्या धमनीत नळी घालून बाटली उंचावर टांगून हळूहळू सोडायचं, पंपाने घाई केली की चेहरा सुजतो, साधारण दहा लिटर जातं, पायाच्या बोटांपर्यंत पोहोचलं की नाही ते चिमटीत धरून बघायचं, हे सगळं त्यांनी मला चहाच्या वेळात सांगितलं आणि खरं सांगते, सकाळच्या पाऊण तासाच्या लेक्चरपेक्षा यातून जास्त कळलं. लेक्चरमधली एकच गोष्ट लक्षात राहिली, सुश्रुताची. त्याने शव मुंज गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला सांगितलंय, मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचीने एकेक थर घासून काढत बघायचं. म्हणजे त्यालाही शव कडक नको होतं, मऊच हवं होतं.

आजींचा चेहरा झाकलेला होता. पण डाव्या हातावर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि खाली टिंबांची ओळ, एवढी रसायनं होऊनही हिरवं तसंच्या तसं. आणि बेंबीखाली दोन बोटांएवढी आडवी जुनी खूण, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा दोन्ही नळ्यांत मधे तुटलेली जागा दिसली, टोकं एकमेकांपासून लांब गेलेली, गुळगुळीत. कुठल्या तरी कॅम्पात, कुठल्या तरी शाळेच्या नाहीतर पीएचसीच्या खोलीत माझ्यासारख्याच कुणीतरी चाळीसेक वर्षांपूर्वी ते केलं असणार. आमच्या टेबलावर आठही जणी एक मिनिट गप्प झाल्या.

आता मुख्य भाग. योनीच्या मागच्या भिंतीला चीर दिली, बोटाने बाजूला जात गुदाशय आत ढकलला आणि इशियल स्पाइन लागली. बसायच्या हाडाच्या आतल्या बाजूचं ते टोक, प्रत्येक डिलिव्हरीत तपासताना लागतं तेच. तिथून आत आणि मागे माकडहाडाकडे जाणारी ताठ पट्टी म्हणजे सॅक्रोस्पायनस लिगामेंट. ती बोटाला लागली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, कारण ती खरंच जिवंत माणसात असते तशी दोरीसारखी ताणलेली आणि वर स्नायूचं मऊ आवरण असलेली लागली. नियम असा की टाका स्पाइनपासून दोन सेंटिमीटर आत घ्यायचा, लिगामेंटच्या जाडीतून, तिला वळसा घालून नाही, कारण स्पाइनच्या अगदी मागून प्युडेंडल नर्व्ह, म्हणजे त्या भागाला संवेदना देणारी नस, आणि तिच्यासोबतच्या रक्तवाहिन्या जातात.

फॅकल्टीतल्या सरांनी इथे एक फार छान गोष्ट केली. आठ जणींना चार रंगांचे धागे दिले, हिरवा एथिबाँड, निळा प्रोलिन, काळं सिल्क, जांभळं व्हिक्रिल, चौघी उजवीकडे, चौघी डावीकडे. ज्याने त्याने आपला टाका घालायचा आणि धागा लांब सोडून ठेवायचा. कुणी काही बोलायचं नाही, चूक-बरोबर आज सांगणार नाही म्हणाले. माझा हिरवा, उजवीकडे. मला तो चांगला पडला असं वाटत होतं, खेचून पाहिलं तर अख्खं टेबल हलल्यासारखं झालं, म्हणजे पकड पक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना पालथं केलं, उजवीकडचा नितंबाचा मोठा स्नायू उचलला, त्याखालची सॅक्रोट्युबरस लिगामेंट कापून बाजूला केली आणि मागची बाजू उघडी पडली. चारही धागे दिसत होते. निळा आणि जांभळा लिगामेंटच्या आत, बाहेर काही नाही. काळा लिगामेंटपर्यंत गेलाच नव्हता, नुसत्या स्नायूत. आणि माझा हिरवा लिगामेंट भेदून मागून बाहेर आलेला आणि प्युडेंडल नर्व्हला टेकलेला. पट्टी लावून मोजलं, स्पाइनपासून ९ मिलिमीटर. सर एवढंच म्हणाले, “ही बाई तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगेल की डॉक्टर मला बसवत नाही, एका बाजूला आग होतेय. तेव्हा वाट बघायची नाही, टाका काढायचा.” मी तो धागा कितीतरी वेळ बघत होते. बोटाला जे दोन सेंटिमीटर वाटलं होतं ते निम्मंसुद्धा नव्हतं. हे मला कुठल्या पुस्तकाने, कुठल्या व्हिडिओने, आणि स्पष्टच सांगायचं तर कुठल्या जिवंत पेशंटने सांगितलं नसतं, कारण जिवंत पेशंटला पालथं करून मागून उघडून बघता येत नाही.

डाव्या बाजूला परत एकदा घालायला मिळालं ते माझ्या शेजारच्या पीजीच्या मुलीमुळे. तिने तिची दुसरी पाळी मला दिली, म्हणाली मॅडम तुमच्याकडे पेशंट थांबलेत, मी अजून दोन वर्षं शिकणार आहे. या वेळी सरांनी बोटावर बोट ठेवून जागा दाखवली. डावीकडून उघडलं तेव्हा अडीच सेंटिमीटर, आत, मागून काही बाहेर नाही. फी, प्रवास, दोन दिवस बंद ठेवलेली ओपीडी, सगळं या एका टाक्यात वसूल झालं माझ्या मते.

आता इंटर्नल इलियाक. आमच्यासारख्या गावात याचं महत्त्व मोठ्या शहरात राहणाऱ्यांना कळायचं नाही. रात्री दोनला डिलिव्हरीनंतर रक्त थांबत नाही, पिशवी मऊ पडलीये, बलून झाला, टाके झाले, ब्लड बँक लांब, नळी घालून रक्तवाहिनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्यात नाही, तेव्हा हातात उरतं हेच, नाहीतर पिशवी काढणं, तीही बाविसाव्या वर्षी. बर्चेल नावाच्या डॉक्टरने १९६८ मध्ये दाखवलं होतं की दोन्ही बाजूंच्या आर्टरी बांधल्या की त्या भागातला पल्स प्रेशर, म्हणजे ठोक्यागणिक बसणारा दाबाचा झटका, ८५ टक्के उतरतो, धमनी शिरेसारखी संथ वाहते आणि गुठळी धरायला वाव मिळतो. करायचं कसं ते सगळ्यांना पाठ असतं. मोठी आर्टरी जिथे दुभंगते तिथे तिच्यावरून युरेटर, म्हणजे मूत्रपिंडातून लघवी आणणारी नळी, ओलांडतो, तो आधी ओळखून बाजूला घ्यायचा, मग आर्टरीच्या मागून राइट अँगल, म्हणजे काटकोनात वळलेला चिमटा, घालायचा, बाहेरून आत, कारण खाली शीर असते आणि ती फाटली तर आर्टरीपेक्षा वाईट. मागची फांदी सोडून पुढे बांधायचं.

हे आजींवर दोन्ही बाजूंना केलं आणि युरेटर शोधायला खूप छान मिळालं. तो मऊ शवात चिमटीतून सटकतो, अगदी ओल्या शेवयासारखा, आणि खाली युटेराइन आर्टरीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या धमनीच्या, कमानीखालून कसा जातो ते बोट घालून शेवटपर्यंत बघता आलं. पुलाखालून पाणी असं आपण एमबीबीएसला घोकतो ना, तो पूल गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर आहे, हे बोटाने मोजल्यावर क्लॅम्प लावताना हात आपोआप आवरतो.

पण इथे एक मोठी खोट आहे आणि ती कुणी आधी सांगितली नाही. शवात शिरा रिकाम्या असतात. आजींची इंटर्नल इलियाक व्हेन आर्टरीखाली कागदासारखी चपटी पडली होती, राइट अँगल कसाही घातला तरी जातोच, काही होत नाही. आमच्यातल्या दोघींनी तो आतून बाहेर घातला, शीर फाटलीही असेल, कळायला मार्ग नाही. म्हणजे चुकीची सवय लागायला पूर्ण वाव. जिवंत बाईत, त्यातून बाळंतिणीत, ती शीर बोटाएवढी फुगलेली असते. यावर उपाय आहे, आधी धमनीत लाल आणि शिरेत निळं लॅटेक्स भरून ठेवतात, मग शिरा फुगलेल्या दिसतात आणि फाटली तर निळं बाहेर येतं. फार खर्चिक नाही, पण आधी तयारी लागते. ती केलेली नव्हती.

बाकीच्या दोन टेबलांवरच्यांचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण पैसे तेवढेच भरलेत. फॉर्मलिनच्या शवाचे पाय कडक, आमची सगळी कामं पाय वर आणि बाजूला घेऊन करायची, ते पाय वळेचनात. दोन जणींनी दोन बाजूंनी धरलं तरी वीतभरसुद्धा जागा होईना. शेवटी त्यांना आधीच कापून ठेवलेल्या अर्ध्या पेल्व्हिसवर दाखवलं. लघवी सुटण्यासाठी मांडीतून पट्टी घालतात ते टीओटी, २००१ मध्ये फ्रान्सच्या डेलोर्मने आणलेलं, त्यात सुई कमरेच्या हाडातल्या ऑब्ट्युरेटर नावाच्या भोकातून वळवून आणायची असते आणि मांडीचा कोन बदलला की सुईची वाट बदलते. मांडी हलतच नसेल तर काय शिकणार? अंग वर टांगायला पोटातून करायची स्लिंग मात्र त्यांच्याकडेही बरी झाली, कारण तिच्या एका पद्धतीत त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या, कड्यावर टाका घ्यायचा असतो आणि ते फॉर्मलिनमध्येही स्पष्ट दिसतं. ती दाखवताना मॅडमनी शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या दोन पद्धती शेजारी-शेजारी करून दाखवल्या, आणि मला खरंच अभिमान वाटला. गोव्याच्या शिरोड्याचे शिरोडकर, जगभर गर्भाशयाच्या मुखाच्या टाक्याला ज्यांचं नाव आहे ते, आणि मुंबईचे पुरंदरे, कमी वयात अंग बाहेर आलेल्या, अजून मूल हवं असलेल्या बायकांसाठी पिशवी न काढता वर टांगून ठेवायचा विचार या आपल्या माणसांनी केला. आज तो किती जणांना हाताने करता येतो?

गर्दीबद्दल. एका टेबलाला आठ जणी म्हणजे फार. हात घालायला एका वेळी दोघीच, बाकी सहा मागून माना लांब करून, आणि दोन दिवसांत प्रत्यक्ष माझ्या हातात इन्स्ट्रुमेंट होतं ते जेमतेम अडीच-तीन तास. चार-पाच जणांपेक्षा जास्त असतील तर फीच्या अर्ध्या पैशाचं बघणंच होतं आणि बघायला व्हिडिओ आहेतच की.

वासाचं तर सांगायलाच हवं. फॉर्माल्डिहाइड कॅन्सर करू शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच पहिल्या, म्हणजे खात्रीच्या, गटात घालून सांगितलंय. आम्हाला दिले साधे सर्जिकल मास्क, ज्याने वाफ अडत नाही. दोन एक्झॉस्ट फॅन, त्यातला एक बंद. फॉर्मलिनच्या टेबलांवरून डोळ्यांतून पाणी, घसा धरलेला. आमच्या बॅचमधली एक चार महिन्यांची गरोदर होती, ती पहिल्या दिवशी दुपारीच बाहेर जाऊन बसली, आणि तिला आधी कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, पैसेही परत नाहीत. हे चुकलं. आम्ही तर दोन दिवसांचे पाहुणे, मामा तिथे पंचवीस वर्षं उभे आहेत, त्यांच्याही तोंडाला तोच मास्क होता.

आणि सगळ्यात जास्त जे मनाला लागलं ते सांगते. पहिल्या दिवशी सुरुवातीला दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, स्पॉन्सर कंपनीचे आभार, वीस मिनिटं गेली. टेबलावरच्या तिघांबद्दल एक शब्द नाही. आता तर एमबीबीएसच्या पोरांनासुद्धा पहिल्या दिवशी शवासमोर उभं राहून शपथ घ्यायला लावतात, आणि इथे आम्ही चाळीशी-पन्नाशीचे डॉक्टर. तैवानमध्ये त्झू ची म्हणून बौद्ध संस्था आहे, त्यांच्या मेडिकल कॉलेजात अशा देहाला मौन गुरू म्हणतात, त्या माणसाचं आयुष्य कसं होतं ते शिकणाऱ्यांना आधी घरच्यांकडून कळतं, काम झाल्यावर सगळं नीट शिवून, कपडे घालून, घरच्यांसोबत अंत्यसंस्कार करतात. तेवढं नाही जमलं तरी दोन मिनिटं उभं राहायला काय लागतं? शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टेबलावरच्या आम्हीच उभ्या राहिलो, मामांनी घरून आणलेली चार झेंडूची फुलं आजींच्या पायाशी ठेवली. नंतर बाकीची दोन टेबलंही आली.

संमतीचंही मी विभागप्रमुखांना विचारलं. आपल्याकडे १९४९ च्या अनाटमी अॅक्टखाली बेवारस देह कॉलेजला मिळतात आणि स्वतःहून दिलेलेही. बेवारस माणसाला कुणी विचारलेलं नसतं, त्याच्यावर फी घेऊन, कंपनीचा स्टॉल लावून वर्कशॉप घ्यायचं हे मला पटत नाही. त्यांनी सांगितलं की सर्जिकल वर्कशॉपला ते फक्त दान केलेलेच देह वापरतात, फॉर्मवर वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन असं लिहिलेलं असतं, आणि कोरा फॉर्म काढून मला दाखवलाही. विचारल्याचा त्यांना राग आला नाही, उलट बरं वाटल्यासारखं दिसलं. हे त्यांच्या बाजूने नोंदवते. आपल्या भागात देहदानाची इच्छा करणारे बरेच असतात, आपल्या हिंगोलीकडच्या समाजसेवक नानाजी देशमुखांचा देह २०१० मध्ये एम्सला दिला होता, पण अडतं मृत्यूनंतरच्या सहा-आठ तासांत, नातेवाईक जमेपर्यंत वेळ जातो, कुणीतरी नको म्हणतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट रात्री मिळत नाही. हे कुणी वाचत असेल तर फॉर्म भरून कपाटात ठेवू नका, घरच्यांना सांगून ठेवा. डोळे दिले तरी देह देता येतो, बऱ्याच जणांना ते माहीत नसतं.

तर जावं का? हो, जा. माझी एक बॅचमेट बंगलोरला फ्रेश फ्रोझनवर करून आली, गोठवलेलं शव दोन दिवस आधी बाहेर काढून वापरतात, ती म्हणते हाताला अगदी ओटीतल्यासारखं लागतं, पण फी जवळजवळ अडीचपट आणि शव दोन-तीन दिवसांवर टिकत नाही. सॉफ्ट एम्बामिंग मला मधला चांगला मार्ग वाटतो. फक्त फोन करून विचारा की शव कुठल्या पद्धतीचं, टेबलाला किती जण, शिरांत लॅटेक्स भरलंय का, टाका घातल्यावर मागून उघडून दाखवणार का, देह दान केलेला आहे का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका. जाताना वाफेचा फिल्टर असलेला मास्क आणि गॉगल स्वतःचे न्या, कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका, डबल ग्लोव्ह्ज घाला, आणि मधल्या वेळेत स्टॉलवर उभं राहण्यापेक्षा तिथल्या मामांशी बोला.

पाचपैकी मार्क द्यायचे तर सॉफ्टवाल्या टेबलाला साडेचार, फॉर्मलिनवाल्याला दोन, आणि व्यवस्थेला दोन.

आल्यावर मी हे सगळं त्यांना मेलवर लिहून पाठवलं. दहा दिवसांनी विभागप्रमुखांचा स्वतःहून फोन आला, पुढच्या बॅचला टेबलाला पाच जण, फी २२ हजार होईल, तिन्ही शवं सॉफ्ट, आणि एकात लॅटेक्स भरायचं ठरलंय. गरोदर मुलीचे पैसे परत केले. मी परत नाव दिलंय, या वेळी फक्त इंटर्नल इलियाकसाठी. मामांनाही फोन केला होता, आजी आहेत का विचारलं. म्हणाले नाही, गेल्या सोमवारी त्यांना अग्नी दिला, मुलगा आला होता.